नाखुशीचा हिशेब

इंग्रजांनी १८९४ साली केलेल्या भूसंपादन कायद्यात दोन कलमं शेजारीशेजारी बसलेली होती. तेविसावं कलम सांगायचं, की जमीन गेलेल्या माणसाला भरपाई देताना काय काय मोजायचं. चोविसावं सांगायचं, काय मोजायचं नाही. या दुसऱ्या यादीत दोन नंबरची बाब अशी होती: जमीन सोडायला माणूस नाखूश असेल, तर ती नाखुशी हिशेबात धरू नये.

जरा थांबून या वाक्याकडे बघा. कायदा लिहिणाऱ्याला ते लिहिण्याआधी काय करावं लागलं असेल? नको नको म्हणणारा शेतकरी त्याला डोळ्यांसमोर आणावा लागला असेल. माणसाला जमीन सुटत नाही, ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. इतकी, की तिला यादीत क्रमांक देऊन, नाव घेऊन बाहेर काढावं लागलं. कायद्याला त्या दुःखाची पूर्ण कल्पना होती, आणि कल्पना होती म्हणूनच त्याला दाराबाहेर उभं केलं होतं.

हे कलम सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होतं. पण त्याचा खरा अर्थ उलगडतो तो मुळशीत.

पौडहून ताम्हिणीकडे जाताना जो विस्तीर्ण जलाशय लागतो, त्याच्या तळाशी मुळा आणि निळा या नद्यांची खोरी आहेत. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं होती ती. त्या पाण्याची एक करामत आधी सांगतो. मुळा मूळची पूर्ववाहिनी. तिचं पाणी पुण्यात मुठेला भेटतं, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. धरणानं काय केलं? पाणी अडवलं, त्याचं तोंड पश्चिमेला वळवलं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. तिथून ते कुंडलिकेत जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे पाण्याचा समुद्रच बदलला! पावसाचा जो थेंब हजाराहून जास्त किलोमीटर चालून मच्छलीपट्टणच्या बाजूला पोचायचा, तो आता रेवदंड्याला पोचतो, आणि वाटेत मुंबईसाठी वीज करून जातो.

मुंबईला हे पाणी हवं का होतं? गिरण्या कोळशावर चालायच्या आणि कोळसा यायचा दूर बंगालमधून. पहिल्या महायुद्धात बोटी आणि रेल्वेचे डबे लढाईच्या कामाला लागले, तेव्हा परगावच्या कोळशावर जगणं किती जोखमीचं असतं ते मुंबईला चांगलंच कळलं. सह्याद्रीचा पाऊस मात्र दरसाल न चुकता हजर. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं होतं. भिवपुरीचं काम चालू होतं. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि तिसरी नजर मुळशीवर पडली.

आता प्रश्न असा, की एका खाजगी कंपनीला पन्नासहून जास्त गावांची आणि सुमारे अकरा हजार माणसांची जमीन मिळते कशी? विकत घ्यायची म्हटली तर एकेका खातेदाराच्या ओसरीवर जाऊन बसावं लागेल. एखादा मावळा म्हणेल, देत नाही, जा. कायद्याच्या सातव्या भागात याची सोय होती. कंपनीनं सरकारशी करार करायचा, हे बांधकाम जनतेच्या उपयोगाचं ठरेल अशी सरकारची खात्री पटवायची, पैसे भरायचे. मग जमीन सरकार घेणार, सरकारी अधिकारानं, आणि कंपनीच्या हवाली करणार. ‘देत नाही’ हे उत्तर देण्याची जागाच कायद्यानं काढून टाकली होती.

किंमत ठरायची कशी, हा भाग तर फारच विलक्षण आहे. कायदा म्हणायचा, बाजारभाव द्या. बाजारभाव म्हणजे काय ते मंडईत उभं राहिलं की कळतं. घेणारा पडता भाव मागतो, विकणारा चढता सांगतो. पटलं नाही तर घेणारा पुढच्या गाळ्यावर जातो आणि विकणारा टोपली झाकून बसतो. दोघांनाही उठून जाता येतं, म्हणून मधे कुठेतरी भाव ठरतो. मुळशीच्या शेतकऱ्याला उठून जाता येत नव्हतं. मग कायद्यानं कल्पनेतला बाजार उभा केला. अशीच जमीन, अशाच गावात, राजीखुशीनं विकली गेली असती तर किती आले असते? तोच आकडा धरायचा.

त्यात उभं पीक आणि झाडं यांची किंमत मिळवायची. जमिनीचा तुकडा पडून उरलेल्या भागाचं नुकसान होत असेल तर ते मिळवायचं. राहतं घर हलवावं लागत असेल तर बिऱ्हाड हलवण्याचा वाजवी खर्च धरायचा. आणि शेवटी एक अजब ओळ: हा व्यवहार सक्तीचा असल्याबद्दल बाजारभावावर शेकडा पंधरा रुपये जादा द्यायचे. जमिनीचा बाजारभाव हजार रुपये असेल तर सक्तीचे दीडशे. मालकाची नाखुशी मोजायची नाही, पण सरकारनं केलेली सक्ती मोजायची, आणि तिचा दर ठरलेला! जो हसत जमीन देईल त्यालाही पंधरा टक्के आणि जो चिता रचून तिच्यावर बसेल त्यालाही पंधराच.

चोविसाव्या कलमाच्या यादीत आणखी एक बाब होती, आणि मुळशीपुरती ती मला सगळ्यांत जास्त चकित करते. जमीन ज्या कामासाठी घेतली जाते आहे त्या कामामुळे तिची किंमत वाढणार असेल, तर ती वाढही धरायची नाही. म्हणजे बघा, मुळशीचं खोरं भातासाठी जेवढं मोलाचं होतं त्याच्या कितीतरी पट वीज करण्यासाठी मोलाचं होतं. भोवती डोंगर, वर धो धो पाऊस, शेजारी पाचशे मीटरचा कडा. अशी जागा पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी सापडते. पण शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव भाताचा. कड्याचा भाव कुणाच्याच नावावर जमा होत नव्हता.

हे न्याय्य आहे का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो लंडनमध्येही निघाला, मुळशीनंतर बऱ्याच वर्षांनी. विशाखापट्टणमच्या बंदराजवळ तिथल्या एका राजांची जमीन सरकारनं मलेरियाच्या बंदोबस्तासाठी घेतली. त्या जमिनीत गोड्या पाण्याचा झरा होता. ते पाणी विकत घेईल असं गिऱ्हाईक आसपास एकच होतं, खुद्द बंदर. सरकार म्हणालं, दुसरं गिऱ्हाईकच नाही तर पाण्याला किंमत कसली? तेव्हा हिंदुस्थानचं सर्वांत वरचं कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलनं १९३९ मध्ये निकाल दिला, की जमिनीच्या अंगी जो गुण आहे त्याची किंमत द्यावीच लागेल, मग त्याचा उपयोग करणारा एकटा घेणाराच का असेना. त्या झऱ्याला जो न्याय मिळाला, त्याच्या उजेडात मुळशीच्या कड्याकडे बघावंसं वाटतं. पण तोवर भिऱ्याची जनित्रं बारा वर्षं फिरत होती.

मुळशीची माणसं मात्र कोर्टाची वाट बघत बसली नव्हती. रामनवमीला, १६ एप्रिल १९२१ रोजी, धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. माणसं, बायका, पोरंबाळं कामावर जाऊन बसली. काम काही महिने थांबलंही. न. चिं. केळकर, शिवरामपंत परांजपे, शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे अशी मंडळी मागे उभी राहिली. आणि पांडुरंग महादेव बापट, एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला पारनेरचा बुद्धिमान तरुण, ज्याला यंत्रं आणि धरणं काय असतात ते नीट कळत होतं, तो या धरणाच्या आड उभा ठाकला. ‘सेनापती’ हे बिरुद त्यांना इथेच मिळालं. शेवटी १९२४ मध्ये धरणाच्या कामावरची रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

‘जान किंवा जमीन’ या घोषणेत किंमत वाढवून मागण्याचा भाग नव्हता, हे लक्षात घ्या. कायदा म्हणत होता, नाखुशी सोडून बाकी सगळं बोला. सत्याग्रही म्हणत होते, नाखुशी एवढंच आमचं म्हणणं आहे, बाकी बोलायचंच नाही. दोन्ही बाजू एकमेकींशी बोलत होत्या, पण एकीचा विषय दुसरीच्या वहीत लिहायला रकानाच नव्हता.

आणि मग एक अशी गोष्ट झाली, जी भरपाईच्या पोटातच दडलेली असते. भरपाई मिळते हक्काला. घाम गाळणाऱ्याला ती मिळेलच असं नाही. कलेक्टर विचारणार, जमीन कोणाच्या नावावर? खोऱ्यातली पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली किंवा गहाण पडलेली. कसणारा कूळ. ज्याच्या नावावर उतारा त्याच्या हातात रक्कम. गहाण असेल तर आधी सावकाराचं देणं. पिढ्यान्पिढ्या चिखलात पाय रोवून भात लावणाऱ्या माणसापर्यंत पोचेतो त्या रकमेत उरायचं किती? सावकाराला तर उलट हायसं वाटावं अशी स्थिती होती. डोंगरातल्या कुळाकडून दरसाल खंड वसूल करत बसण्यापेक्षा एकगठ्ठा रोख काय वाईट? भरपाईच्या पैशानं चळवळीला मधोमध चीर पाडली. बंदुकीनं जे साधलं नसतं ते पैसे वाटण्याच्या नियमानं साधलं. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

इथवर घर गेलं ते पाण्याखाली, आणि ते नेणारं कोण ते स्पष्ट होतं. आता घर जर युद्धात गेलं तर?

जुना नियम सरळ होता: युद्धात गेलं ते गेलं. तोफेचा गोळा कुणाच्या छपरावर पडेल याचा जिम्मा राजा घेत नसे. विमा कंपन्याही घेत नसत आणि त्यामागचं गणित समजण्यासारखं आहे. विमा चालतो तो एका वेळी थोड्यांचंच नुकसान होईल या भरवशावर. शंभर घरांतलं एक जळलं तर नव्व्याण्णवांच्या हप्त्यांतून ते उभं करता येतं. बॉम्ब पडले की गल्लीच्या गल्ली जाते, मग भरून कोण देणार? म्हणून पॉलिसीत युद्ध वगळलेलं. लंडनवर जर्मन विमानं येऊ लागली तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटनं १९४१ मध्ये वेगळाच मार्ग काढला. देशभरच्या सगळ्या घरमालकांकडून सक्तीनं वर्गणी घ्यायची आणि ज्याचं घर पडेल त्याला सरकारनं द्यायचे. सगळा देशच एक विमा कंपनी झाला.

पण हा देश म्हणजे विलायत. हिंदुस्थानात सरकारनं १९४० मध्ये व्यापाऱ्यांच्या मालासाठी आणि १९४२ मध्ये कारखान्यांसाठी युद्धजोखमीच्या विम्याचे वटहुकूम काढले. माल आणि कारखाने, कारण लढाई चालायला तेच लागतात. मुंबईच्या मांडवीतल्या चाळीतल्या दोन खोल्या लढाईला लागत नाहीत.

आणि मग १४ एप्रिल १९४४ उजाडला.

मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची बोट दोन दिवसांपूर्वी येऊन लागली होती. सात हजार टनांची. तिच्या पोटात काय काय होतं बघा. सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा. लढाऊ विमानं. एकतीस पेट्यांमध्ये सोन्याच्या १२४ विटा, एकेक पावणेतेरा किलोच्या आसपास. आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या, तेलाची पिंपं, लाकूड. पेटणारं आणि फुटणारं एकाच पोटात, थराथरानं! दारूगोळा भरलेल्या बोटीनं लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता. दुपारी गासड्यांतून धूर दिसला. बंबवाले धावून आले आणि पाणी मारत राहिले. कापसाची आग बाहेरून विझल्यासारखी वाटते आणि आत धुमसत राहते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. कुलाब्याच्या वेधशाळेच्या भूकंपमापकानं तो टिपला. शिमल्याच्या यंत्रावरही त्याची नोंद झाली. ‘जलपद्मा’ नावाची जवळपास चार हजार टनांची बोट पाण्यातून उचलली गेली आणि धक्क्यावर येऊन पडली. ६६ अग्निशामक जवान जागच्या जागी गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.

एकंदर माणसं किती गेली? आठशे ते तेराशे असे वेगवेगळे अंदाज आहेत. बेघर झाले सुमारे ऐंशी हजार. मुळशीच्या विस्थापितांच्या सातपट माणसं, आणि तीही एकाच संध्याकाळी. पेटलेल्या गासड्या आणि लालभडक लोखंड आकाशातून मांडवीच्या धान्यबाजारावर आणि आसपासच्या चाळींवर पडलं. पन्नास हजार टनांहून जास्त धान्य जळलं, आणि ते बंगालच्या दुष्काळाच्या लगेच पुढच्या वर्षी. सोन्याच्या विटाही उडाल्या. एक वीट सुमारे मैलभर दूर एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. बाकीच्या कितीतरी विटा गोदीचा गाळ उपसताना पुढे अनेक वर्षं निघत राहिल्या.

आता भरपाईच्या चष्म्यातून बघा, म्हणजे या स्फोटातलं दुसरं आश्चर्य दिसेल. त्या वेळच्या नेहमीच्या आगविमा पॉलिसीत स्फोटानं झालेलं नुकसान वगळलेलं असे. मग तुमची चाळ आगीनं गेली की स्फोटानं? पेटती गासडी छपरावर पडून ती जळाली असेल तर ती आग. पण गासडी उडाली कशानं? स्फोटानं. स्फोट कशानं झाला? आगीनं! कारणांची ही साखळी कुठे तोडायची त्यावर घर मिळणार की नाही ते ठरणार. बरं, युद्धाचं नुकसान म्हणून मागावं तर शत्रूनं काहीच केलेलं नव्हतं. चौकशी समितीला आगीचं मूळ कापसात असावं असं दिसलं. कापसाच्या संगतीला दारूगोळा ठेवणं, बावटा न लावणं, माल उतरवायला झालेला उशीर, असे दोष तिनं दाखवले. सगळे आपल्याच बाजूचे. म्हणजे हा दारूगोळा युद्धाचा, पण हल्ला युद्धाचा नाही. आग आहे, पण विम्यातली आग नाही. ऐंशी हजार माणसं दोन व्याख्यांच्या मधल्या फटीत पडली होती.

आणि मुंबई हे उघडपणे बोलूही शकत नव्हती. सेन्सॉरनं बातमी दाबून धरली होती. जगाला तपशील पहिल्यांदा कळला तो जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून, दुसऱ्याच दिवशी. इथल्या वार्ताहरांना बातमी बाहेर पाठवायची परवानगी मिळायला मे महिना उजाडला.

तरीही सरकारनं इथे जे केलं ते मुळशीच्या अनुभवानंतर वाचताना नवल वाटतं. त्याच वर्षी मुंबई स्फोट नुकसानभरपाई वटहुकूम निघाला. सरकारनं जबाबदारी पत्करली आणि मालमत्तेचं नुकसान झालेल्यांनी दावे करावेत, सरकार पैसे देईल, असं ठरलं. कोर्टानं हुकूम दिला म्हणून नव्हे, विम्याची अट होती म्हणून नव्हे. का दिले? मला वाटतं उत्तर गोदीतच आहे. मुंबई हे युद्धाचं बंदर होतं. आठ हजार माणसं सात महिने राबली तेव्हा पाच लाख टन राडारोडा निघाला आणि गोदी पूर्ववत झाली. ज्या शहराच्या हमालांनी, व्यापाऱ्यांनी, गिरण्यांनी लढाई ओढायची होती, ते शहर दाव्यांच्या भांडणात अडकून पडणं सरकारला परवडणारं नव्हतं. शिवाय इथे जे बुडाले त्यांत मोठमोठ्या पेढ्या होत्या, विमा कंपन्या होत्या. मुळशीच्या कुळामागे असं कोण होतं?

भरपाईची तिसरी गोष्ट घडली रंगूनला, आणि तिचा शेवट तर मला अजूनही पचत नाही.

मार्च १९४२. जपानी फौजा रंगूनच्या वेशीवर आल्या होत्या. लाखो भारतीय घरदार, दुकानं, सावकारी सोडून पायी आसामच्या वाटेला लागलेले. तेलाचे साठे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश सैन्यानं बर्मा ऑइल कंपनीची रंगूनजवळची तेलकेंद्रं स्वतःच उडवून दिली. दुसऱ्या दिवशी शहर पडलं. युद्धानंतर कंपनीनं ब्रिटिश सरकारवरच दावा लावला. प्रकरण पोचलं ते थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, १९६४ साली.

न्यायाधीशांनी एक बारीक रेघ ओढली. लढाई चालू असताना गोळा लागून तुमची भिंत पडली, तर ते लढाईचं नुकसान. त्याची भरपाई नाही. पण तुमच्याच राजानं, लढाईच्या आधी, विचार करून, शत्रूला मिळू नये म्हणून तुमची मालमत्ता नष्ट केली, तर ती त्यानं सगळ्या देशासाठी तुमच्याकडून घेतलेली वस्तू आहे. मग तिची किंमत एकट्या तुम्ही का सोसायची? पाचापैकी तिघांनी कौल दिला: पैसे द्या. रेघ किती सुरेख आहे बघा. भिंत तीच, राख तीच. फरक कशात? कोणाच्या हातानं आणि कोणत्या हेतूनं ती पडली, यात. मुळशीचा कायदा ज्याला सक्ती म्हणून पंधरा टक्के देत होता, तीच सक्ती इथे युद्धाच्या धुरातून वेगळी काढून दाखवली होती.

पुढे काय झालं असेल? १९६५ मध्ये पार्लमेंटनं एक छोटासा कायदा केला. युद्धात किंवा युद्ध येऊ घातलेलं असताना राजसत्तेनं कायदेशीरपणे केलेल्या नासधुशीची भरपाई मागता येणार नाही. आणि हा नियम आधी घडून गेलेल्या गोष्टींनाही लागू. देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांनी दिलेला हक्क जेमतेम वर्षानंतर मागे जाऊन पुसून टाकला! रंगूनची राख पुन्हा नुसती राख झाली. एवढ्या बलाढ्य कंपनीची ही गत, तर बर्मातून पायी आलेल्या माणसानं आपल्या मागे राहिलेल्या दुकानाचा दावा कोणापुढे मांडायचा?

या तिन्ही हकिगती एकापुढे एक ठेवल्या की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. किती गेलं, हा भरपाईचा पहिला प्रश्न कधीच नसतो. कोणी नेलं, कशाच्या नावाखाली नेलं आणि मागणाऱ्याकडे कोणता कागद आहे, हे आधी विचारलं जातं. हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. माणसांनी बसून लिहिले आहेत, आणि म्हणून ते बदलतातही. सक्तीचा तो दर बघा. १८९४ मध्ये पंधरा टक्के. नव्वद वर्षांनी, १९८४ मध्ये, तो तीस टक्के झाला. आणि इंग्रजांचा कायदा रद्द करून १ जानेवारी २०१४ पासून जो नवा भूसंपादन कायदा लागू झाला, त्यात तो शंभर टक्के आहे. जमिनीची जेवढी किंमत, तेवढीच सक्तीचीही. कसणाऱ्या कुळाचं आणि शेतमजुराचं पोटपाणी गेलं तर तेही नुकसान म्हणून पुनर्वसनात धरायचं, हेही त्यात आलं. मुळशीच्या कुळाला हे वाक्य ऐकायला किती आवडलं असतं!

आणि ती दाराबाहेर उभी केलेली नाखुशी? तिलाही आत यायला जागा झाली. आज एखाद्या खाजगी कंपनीसाठी सरकारला या कायद्याखाली जमीन घ्यायची असेल, तर ज्यांची जमीन जाणार त्या कुटुंबांपैकी किमान ऐंशी टक्क्यांची संमती आधी घ्यावी लागते. शंभरातल्या एकवीस घरांनी नाही म्हटलं तर संपादन अडतं. मावळातल्या माणसांनी १९२१ च्या रामनवमीला जे सांगितलं, त्याला असा आकडा मिळायला ब्याण्णव वर्षं लागली. फक्त हे ऐंशी टक्के मोजताना विचारायचं ते जमीनवाल्या कुटुंबांनाच. कुळाचं नुकसान आता हिशेबात आहे. त्याची नाखुशी अजून नाही.